ताटावर आडवा हात

४ फेब्रुवारी

ताई,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच बाजूला ठेवशील, म्हणून पत्ता तुझ्या भावजयीकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहेस तर वाच. फोन तू उचलत नाहीस, मेसेजवर नुसता अंगठा दाखवतेस, मग माझ्याकडे कागदाशिवाय उरलं काय?

बातमी अशी की आपलं हॉटेल होतंय. खरंखुरं. परक्या देशात येऊन इतकी वर्षं दुसऱ्यांच्या भट्टीपुढे घाम गाळला, आता स्वतःच्या भट्टीपुढे गाळणार. जागा छोटी आहे. एका बाजूला शिंपीणबाईंचं दुकान, दुसऱ्या बाजूला किल्ल्या बनवणारा, वर आम्हाला राहायला दोन खोल्या. आधी इथे केस कापायचे. भिंतीवरचे आरसे काढले, पण एक काही केल्या निघेना, तो तसाच ठेवलाय. धूर ओढणारा पंखा बसवलाय, तो इतका गुरगुरतो की एकमेकांशी ओरडून बोलावं लागतं. आपल्या घराला ते नवीन नाही म्हणा.

पालिकेच्या अन्न निरीक्षकाचा परवाना आला की उघडायचं. येत्या रविवारी आजूबाजूच्यांना जेवायला बोलावलंय, रंगीत तालीम म्हणून.

आणि बाबा इथे आहेत. लिहिलं एकदाचं.

तिकडचं घर विकून आलेत. या हॉटेलात त्यांचं सगळं आहे, आमचंही आहे. हे चाललं नाही तर परत जायला तिकडे उंबराही शिल्लक नाही, म्हणून मी रात्रंदिवस या परवान्याचा जप करतोय.

वाढायला तेच उभे राहणार, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलंय. तुला आठवत असेलच. कुणाचंही लग्न असो, हा कारकून माणूस मांडवात शिरला की आधी बादली हातात घ्यायचा. कुणी ‘नको नको’ करत ताटावर आडवा हात धरला, तर बोटांच्या फटीतून वाढायचा. लोक ओरडायचे, हसायचे, आणि संपवायचे. त्यांच्या हाताखालून कुणी अर्धपोटी उठलं नाही, हा त्यांचा आयुष्यातला एकमेव गर्व.

तुझा राग मला माहीत आहे. त्यांनी तुझं लग्न ठरवलं, तू नको म्हणालीस, आणि ‘मुली आधी नकोच म्हणतात’ असं म्हणून ते मिठाई वाटून मोकळे झाले. तू घर सोडलंस ते आजपर्यंत त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाहीस. पण ताई, किती वर्षं झाली! ते आता थकलेत. एकाच देशात राहून बाप आणि लेक एकमेकांचं तोंड बघत नाहीत, हे बरं दिसतं का?

उद्घाटनाला ये. तू नाही म्हणशील, तरी ये.

तुझा धाकटा

१२ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर आलं नाही, ते येणार नव्हतंच. हे पत्र वेगळ्या कामासाठी आहे.

रविवारचं जेवण छान झालं. म्हणजे बरंचसं छान झालं. किल्लीवाल्याने भात तीनदा घेतला आणि पट्टा सैल केला. शेवटी जरा गोंधळ झाला, एवढंच.

शिंपीणबाईंना शेंगदाणे चालत नाहीत. आपल्याकडे कुणाला वांगं चालत नाही, तसं नव्हे. पोटात गेले की घसा सुजतो आणि श्वास अडकतो. हे त्यांनी आल्या आल्या तुझ्या भावजयीला सांगितलं होतं. तिने मला सांगितलं. मी त्यांचं सगळं वेगळ्या भांड्यात केलं. तरी कुठेतरी चमचा लागला असावा. तुला माहीत आहे, ऐन वेळी स्वयंपाकघरात कशी धांदल असते. रुग्णवाहिका बोलवावी लागली. बाई आता बऱ्या आहेत. म्हणजे बऱ्या होतील. नाकात नळी आहे, पण काल डोळे उघडून त्यांनी बहिणीला ओळखलं असं किल्लीवाला सांगत होता.

दुसऱ्या दिवशी निरीक्षक आले. उंच, शांत माणूस. आवाज चढवत नाही, म्हणून जास्तच भीती वाटते. त्यांनी दाराला पालिकेची पिवळी पट्टी चिकटवली आणि परवाना थांबवला. मी सांगून टाकलं की चमचा माझ्याच हातून लागला. त्यांनी लिहून घेतलं. आता चौकशी बसणार आहे.

तू इस्पितळांत आणि कचेऱ्यांत दुभाष्याचं काम करतेस, असल्या चौकश्या तू रोज बघतेस. काय बोलावं आणि काय बोलू नये, एवढं मला कळव. बाकी तुझ्याकडून काही नको.

बाबा मजेत आहेत. जेवत नाहीत, एवढंच.

धाकटा

१७ फेब्रुवारी

ताई,

कार्ड मिळालं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, आणि मजकूर काय, तर ‘वाढत कोण होतं?’ धन्य आहेस. दुभाषी कसली, फौजदारच व्हायची तू.

बाबा वाढत होते. झालं समाधान?

आता सगळंच सांगतो, नाहीतर तू दुसरं कार्ड पाठवशील. बाईंचं जेवण संपत आलं होतं. त्यांचं आम्ही केलेलं वेगळं वाढप सुरळीत झालं होतं आणि तुझी भावजय निश्चिंत होऊन पाणी आणायला आत आली होती. तेवढ्यात बाबा काकडीच्या कोशिंबिरीचं भांडं घेऊन निघाले. तेच, दाण्याचं कूट घातलेलं. त्यांना बाईंचं कुणी सांगितलंच नव्हतं. तुझी भावजय म्हणते मी सांगायला हवं होतं, मी म्हणतो तिने. यावर आमचं रोज वाजतंय.

बाबा बाईंपाशी गेले. बाईंनी मान हलवली, त्यांच्या भाषेत ‘नको’ म्हटलं, आणि हसून ताटावर हात आडवा धरला.

ताई, बाबांचा चेहरा काय फुलला! इथे आल्यापासून त्यांना कुणाचं काही कळत नव्हतं, कुणाला त्यांचं कळत नव्हतं. दुकानात नुसतं बोट दाखवून वस्तू घ्यायचे आणि मान खाली घालून परत यायचे. आणि आता एकदम समोरून ओळखीचा हात आला. ते मला तिथूनच ओरडून म्हणाले, “बघ रे, बाईंना किती रीतभात आहे! बरोबर आडवा हात धरला!”

मी आतून बघत होतो आणि हसत होतो. तो पंखा गुरगुरत होता, सगळे हसत होते. बाबा दुसऱ्या बाजूने गेले, बाई किल्लीवाल्याशी बोलायला वळल्या, तेवढ्यात बाबांनी भातावर चमचाभर घातलंच. बाईंनी पाहिलं. कपाळाला हात लावला आणि खाल्लं. त्यांचं तरी काय चुकलं? घरातल्यांना सांगून ठेवलंय, तेव्हा घरातल्यांनी वाढलंय ते चालणारंच असेल, असं कुणालाही वाटेल.

बाबांच्या हातात कुठलं भांडं आहे ते माझ्या डोक्यात शिरेपर्यंत बाईंचा हात गळ्याकडे गेला होता. त्यांच्या घशातून जो आवाज आला तो अजून माझ्या कानातून जात नाही. बाबांना वाटलं ठसका लागला. ते पाणी घेऊन धावले.

निरीक्षकांना मी वेगळं सांगितलं, कारण बाप आहे तो माझा. तुझाही आहे.

धाकटा

२१ फेब्रुवारी

ताई,

माझं खोटं उघडं पडलं. किल्लीवाल्याने निरीक्षकांना सरळ सांगितलं की म्हाताऱ्याने वाढलं, बाई नको म्हणत असताना वाढलं. त्यात त्याचा दोष नाही, त्याला विचारलं आणि त्याने सांगितलं. आता चार मार्चला बाबांना पालिकेत जबाब द्यायचा आहे.

निरीक्षकांनी मला नीट समजावून सांगितलं. बाई काय म्हणतायत ते बाबांना कळलंच नाही, असं असेल तर ती चूक. दंड, समज, काही अटी, आणि परवाना मिळू शकतो. पण त्या नको म्हणतायत हे कळूनही मुद्दाम वाढलं असेल, तर परवाना विसरा, आणि पुढचं पोलीस बघतील. म्हणजे सगळं एका वाक्यावर आलंय. बाबांनी म्हणायचं, ‘मला भाषा येत नाही, मला कळलं नाही.’ बस.

आणि ते म्हणत नाहीत. काल संध्याकाळी समोर बसवून मी त्यांच्याकडून घोकून घेत होतो. “बाबा, कळलं नाही म्हणा.” तर म्हणतात, “कळलं नाही असं कसं म्हणू? हात धरला होता की तिने.” मी डोक्याला हात लावला. तुझी भावजय उठून आत गेली आणि तिने भांडी आपटायला सुरुवात केली.

आता नीट ऐक. दुभाषी आपला आणला तरी चालतो, नाहीतर ते त्यांचा देतात. तू ये. नात्यातला माणूस चालत नाही असं तू म्हणशील, पण पुढे तू आपल्या मनाने लग्न केलंस, तुझं नाव आता वेगळं आहे, कुणाला काय कळतंय? बाबा काय बोलायचं ते बोलतील. तू तिकडे एवढंच सांग, ‘त्यांना कळलं नाही.’ तुझ्या एका वाक्याने हॉटेल वाचेल. त्यांच्याशी बोलू नकोस, त्यांच्याकडे बघूही नकोस. खोलीत ये, वाक्य बोल, निघून जा.

मी तुझ्यापुढे कधी पदर पसरला नाही. आज पसरतोय असं समज.

धाकटा

२६ फेब्रुवारी

ताई,

तू नाही म्हणणार हे मला माहीत होतं. आधी तू नाहीच म्हणतेस, लहानपणापासूनची खोड आहे तुझी. मग मी मागे लागायचो आणि तू यायचीस.

‘मी खोटं भाषांतर करत नाही आणि मला बोलावू नकोस.’ काय हे? परक्याला तरी माणूस असं लिहितो का? तत्त्वं आम्हालाही आहेत, पण आमच्या दाराला पिवळी पट्टी आहे. इथून जाणारे-येणारे थांबून ती वाचतात आणि मग आत डोकावतात. तुझी भावजय मागच्या दाराने जाते-येते. बाबा खिडकीशी खुर्ची टाकून शिंपीणबाईंच्या बंद दुकानाकडे बघत बसतात. हे तुला बघवेल?

चार मार्च, सकाळी, पालिकेची दुसरी इमारत, मागचा जिना. मी दारात उभा राहीन. तुझं नाव दुभाषी म्हणून मी देऊनही टाकलंय. तेव्हा आता यावंच लागेल.

धाकटा

६ मार्च

ताई,

तुझी ओळ चौकशीच्या आदल्या दिवशी मिळाली. ‘हे पत्र तू लिहिलंस की बाबांनी?’ वाचून मी असा भडकलो की कागद चुरगाळून कचऱ्यात टाकला. मग कचऱ्यातून काढून पुन्हा वाचला. मग पालिकेत फोन करून तुझं नाव काढून घेतलं. मला तुझा राग आला होता, अजूनही थोडा आहे, पण ते नाव मी द्यायला नको होतं.

त्यांनी त्यांचा दुभाषी दिला. तरुण माणूस, आपली भाषा बातम्या वाचल्यासारखी बोलणारा. खोलीत एक लांब टेबल, पाण्याचा जग, निरीक्षक आणि त्यांच्या वरच्या एक बाई. बाबांनी लग्नकार्यासाठी ठेवलेला कोट घातला होता.

वरच्या बाईंनी विचारलं, “त्या नको म्हणत होत्या, हे तुम्हाला समजलं होतं का?”

मी बाबांकडे डोळे वटारून बघत होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. म्हणाले, “हो. हात आडवा धरला की नको, हे कुठल्याही भाषेत कळतं. मी आयुष्यभर पंगती वाढल्यात.”

संपलं, असं मला वाटलं. सगळं संपलं. दुभाष्याने ते बोलून दाखवलं आणि निरीक्षकांनी पेन खाली ठेवलं.

“मग का वाढलंत?”

“आमच्याकडे नको म्हणणाऱ्यालाच वाढतात. ज्याला हवं असतं तोही आधी नकोच म्हणतो. भिडस्त असतो माणूस. एकदा विचारून पुढे गेलं तर तो उपाशी राहील. दाण्यांचं मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर भांडं घेऊन तिच्या आसपास गेलो नसतो. पण नको म्हणाली होती, ते मला कळलं होतं.”

दुभाषी अडखळत होता. ‘भिडस्त’ त्याला सापडेना. त्याच्या जागी तू असतीस तर, असं माझ्या मनात येऊन गेलं.

वरच्या बाईंनी समोरचा कागद बाजूला सारला. मग त्यांनी विचारलं, आणि तो प्रश्न चौकशीचा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं असं मला वाटलं. “सगळेच नको म्हणतात, तर ज्याला खरोखर नको असेल त्याने तुमच्याकडे काय करायचं?”

बाबांनी कोटाचं बटण लावलं, काढलं. मला वाटलं त्यांना प्रश्न कळला नाही, म्हणून मी मध्ये बोलणार होतो. निरीक्षकांनी हाताने मला थांबवलं.

मग बाबा म्हणाले, “त्याला उठून जावं लागतं.”

दुभाष्याने ते जसंच्या तसं सांगितलं. त्याला त्यात काय कळणार? तो पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसला. मी मात्र टेबलाकडे बघत राहिलो, कारण बाबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, आणि ते त्यांनी पुसलंही नाही. आई गेली तेव्हा त्यांनी धोतराने पुसलं होतं, आठवतं?

निकाल टपालाने येणार आहे. मला वाटतं, आमचं हॉटेल बुडालं. तुला दोष देत नाही. ही खबर तुला कळायला हवी, म्हणून लिहिलं.

धाकटा

२२ मार्च

ताई,

परवाना मिळाला.

मी पाकीट तुझ्या भावजयीला फोडायला लावलं आणि स्वतः न्हाणीघरात जाऊन दार लावून बसलो. ती ओरडली तेव्हा मला वाटलं गेलं सगळं. मी बाहेर आलो तर ती जमिनीवर बसून रडत होती आणि हातातला कागद ओला करत होती. शिंपीणबाईंनी तक्रार केली नाही, दाण्यांचं बाबांना माहीत नव्हतं हे मान्य आहे, आणि बाबांच्या जबाबात काही लपवलेलं नाही, असं त्यात लिहिलंय. माझ्या जबाबात मात्र लपवलेलं आहे, त्याची लेखी समज माझ्या नावावर कायमची राहणार. राहू दे. अटी दोन आहेत. कुणाला काय चालत नाही ते आलेल्या माणसाला विचारून स्वयंपाकघरात मोठ्या अक्षरात लावायचं. आणि पालिकेचं शिक्षण पुरं झाल्याशिवाय बाबांनी कुणाच्या ताटाजवळ जायचं नाही.

तर बाबा शाळेत जातात! कोवळ्या पोरापोरींच्या वर्गात मागच्या बाकावर बसतात. घरी येऊन सराव करतात. माझ्यासमोर रिकामं भांडं धरून त्या भाषेत विचारतात, “आणखी हवंय का?” मी नको म्हटलं की मागे व्हायचं, असा धडा आहे. मागे होतात, पण चेहरा असा करतात, जणू मी जेवताना त्यांना घालवून दिलं. काल चिडून म्हणाले, “एकदा विचारायचं आणि चालू लागायचं? याला काय जेवण म्हणायचं?” तुझी भावजय हसता हसता उचकी लागून खाली बसली. या घरात हसण्याचा आवाज कितीतरी दिवसांनी ऐकला.

खरं सांगायचं ते पुढे आहे.

शिंपीणबाई घरी आल्या. दुकान उघडलं. बाबांना त्यांची क्षमा मागायची होती. क्षमा मागण्याची दोन वाक्यं त्यांनी वर्गातल्या एका मुलीकडून शिकून घेतली आणि दिवसभर पुटपुटत होते. संध्याकाळी तोच कोट घालून गेले. मी आमच्या दारात उभा राहून बघत होतो. त्यांनी बाहेरून काच वाजवली. बाई यंत्रावरून उठल्या, दार अर्धवट उघडलं, काहीतरी थोडंसं बोलल्या, आणि दाराच्या फटीत हात आडवा धरला.

आता हे आत घुसणार, असं वाटून मी धावणार होतो. इतक्यात ते दोन पावलं मागे झाले, त्यांनी मान लववली, आणि परत आले.

मी विचारलं, “काय झालं?”

“आज नको म्हणाल्या.”

“मग?”

“मग काय? नको म्हणाल्या.” आणि ते बूट काढून आत गेले.

ताई, मी या माणसाला जन्मापासून बघतोय, पण कुणाचं ‘नको’ घेऊन घरी आलेला पहिल्यांदाच पाहिला. बाईंनी अजून त्यांना आत बोलावलेलं नाही. रोज सकाळी ते त्यांच्या दुकानावरून जातात, काचेतून बाईंना दिसेल इतपत थांबतात, आणि पुढे होतात.

हे पत्र त्यांनी लिहायला सांगितलंय. रात्री जेवताना म्हणाले, “तिला बोलाव.” मी म्हटलं, “बाबा, ती नाही म्हणेल. मग पुन्हा लिहू, मागे लागू, येईल हळूहळू.” त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. म्हणाले, “नाही. एकदाच विचार. मी थकलोय, मी रडलो, असलं काही लिहू नकोस. ती नको म्हणाली, तर ते नकोच.”

रडलेलं मी आधीच लिहून बसलोय, त्याला आता इलाज नाही. बाकी त्यांनी सांगितलं तसंच करतो.

येत्या शनिवारी संध्याकाळी हॉटेल उघडतंय. जेवायला येशील?

धाकटा